आघातानंतर शरीराकडे परत येताना: सुरुवात उघड्या डोळ्यांनी

"डोळे मिटा, दीर्घ श्वास घ्या आणि सगळं लक्ष शरीराकडे आणा." ध्यानाच्या बहुतेक वर्गांत पहिली सूचना हीच असते. जिच्या शरीरावर कधी बळजबरी झाली, जिनं मारहाण सोसली, किंवा बाळंतपणात वा शस्त्रक्रियेत जिच्या जिवाचा थरकाप उडाला, तिच्यासाठी या एका वाक्यात तीन अडचणी आहेत. डोळे मिटले की खोलीत कोण येतंय ते दिसत नाही. दीर्घ श्वासानं छाती आणि पोट हलतं, आणि भीती नेमकी तिथेच दबा धरून असते. शिवाय ज्या शरीरापासून मन इतकी वर्षं लांब राहिलं, तिथे तिला एकदम नेऊन उभं केलं जातं. मग धडधड वाढते, हातपाय बधिर होतात, कधी जुना प्रसंग डोळ्यांसमोर उभा राहतो. आणि ती समजते, आपल्याला ध्यानसुद्धा जमत नाही.

असं झालं तर दोष तिचा नसतो, क्रम चुकलेला असतो. खाली दिलेला सराव बाहेरून आत येतो: आधी खोली, मग पाय आणि हात, मग स्नायूंची हालचाल, त्यानंतर श्वास, आणि ओटीपोट अगदी शेवटी. प्रत्येक पायरीवर नियम एकच आहे. कोणत्याही क्षणी, कुणालाही कारण न देता थांबायचं. आघात झाला तेव्हा तुमच्या शरीराचं काय करायचं ते दुसऱ्या कुणीतरी किंवा परिस्थितीनं ठरवलं होतं. म्हणून "आता पुरे" म्हणून थांबता येणं, हेच इथे शिकायचं आहे. बाकीचे व्यायाम त्यासाठी निमित्त आहेत.

शरीर असं का वागतं

धोका समोर आला की मेंदूतला अमिग्डाला हा बदामाएवढा भाग विचार पूर्ण होण्याआधीच इशारा देतो. अ‍ॅड्रेनॅलिन सुटतं, हृदय धावू लागतं, रक्त मोठ्या स्नायूंकडे वळतं, पचन मंदावतं. शरीर लढायला किंवा पळायला तयार होतं. पण दोन्ही वाटा बंद असतील तर हातपाय जड होतात, आवाज फुटत नाही, अंग लाकडासारखं होतं. स्टॉकहोममध्ये बलात्कार झालेल्या स्त्रियांसाठी असलेल्या तातडीच्या केंद्रात आलेल्या २९८ जणींचा अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. त्यांतल्या सुमारे ७० टक्के जणींनी प्रसंगाच्या वेळी शरीर लक्षणीय गोठल्याचं सांगितलं. ४८ टक्के जणींच्या बाबतीत ते अतितीव्र होतं. "मी ओरडले का नाही, हात का उचलला नाही" हा प्रश्न स्वतःला वर्षानुवर्षं विचारणाऱ्या प्रत्येकीनं हे आकडे वाचावेत. गोठणं ही संमती नव्हे आणि भित्रेपणाही नव्हे. ती शरीराची प्रतिक्षिप्त क्रिया आहे. जबरदस्तीच्या वेळी योनीमार्गात ओल येणं किंवा शरीरानं लैंगिक प्रतिसाद देणं हेही तसंच प्रतिक्षिप्त असतं. त्यावरून इच्छा होती असा अर्थ कुणीही काढू नये, आणि तुम्ही स्वतः तर मुळीच काढू नका.

प्रसंग संपतो, पण इशारा देणारी यंत्रणा पुष्कळदा जागीच राहते. काहींच्या शरीराचा आवाज मग फार मोठा होतो: दार आपटलं तरी दचकणं, जबडा आवळलेला, झोप तुटक. काहींचा अगदी बारीक होतो: भूक लागल्याचं कळत नाही, लघवी तासन्‌तास अडवली जाते, थंडी वाजतेय हे दुसऱ्यानं सांगावं लागतं. एकाच बाईच्या बाबतीत दोन्ही आलटून पालटून होऊ शकतं.

"आघात नितंबांत साठून बसतो, तिथले स्नायू ताणले की बाहेर पडतो" असं अनेक वर्गांत सांगितलं जातं. ते शब्दशः घेऊ नका. टिकून राहते ती चेतासंस्थेची शिकलेली प्रतिक्रिया आणि स्नायूंची आवळून धरण्याची सवय. एखाद्या आसनात रडू आलं तर येऊ द्या, पण रडू आलं म्हणजे काही निचरा झालाच असं नाही, आणि नाही आलं म्हणजे सराव फुकट गेला असंही नाही. रडू येईपर्यंत ताणत नेणारी शिक्षिका टाळा.

सुरू करण्याआधी

घटना नुकतीच घडली असेल तर हा लेख बाजूला ठेवून आधी डॉक्टरांकडे जा. लैंगिक अत्याचारानंतर एचआयव्ही रोखणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, जितकी लवकर तितकी बरी. गर्भधारणा टाळण्याचे तातडीचे उपाय ५ दिवसांपर्यंत करता येतात, तेही लवकर केलेले अधिक उपयोगी. पहिल्या महिन्यात दचकणं, झोप उडणं, प्रसंग आठवत राहणं हे बहुतेकींना होतं आणि अनेकींचं आपोआप ओसरतं. पीटीएसडीचं, म्हणजे आघातानंतर टिकून राहणाऱ्या मानसिक विकाराचं, निदानही लक्षणं महिन्याहून जास्त टिकली तरच होतं. या काळात कुणी "सगळं एकदा बोलून मोकळी हो" असा आग्रह धरला तर नकार द्या. एकाच बैठकीत सगळं वदवून घेण्याची पद्धत जागतिक आरोग्य संघटनाही सुचवत नाही. झोप, पाणी, जेवण आणि भरवशाचं एखादं माणूस जवळ, एवढं या दिवसांत पुष्कळ आहे.

मारणारा माणूस अजून घरातच असेल तर तुमची सावधगिरी हा आजार नाही, ते संरक्षण आहे. ते उतरवण्याचा सराव तिथे करू नका. आधी सुरक्षित जागा आणि मदत. तोवर या लेखातले पायांचे आणि नजरेचे व्यायाम तेवढे वापरा, कारण ते तुम्हाला सावध ठेवूनच स्थिर करतात.

जीव द्यावासा वाटणं, स्वतःला इजा करणं, मधले काही तास आठवणीतून पुसले जाणं, नसलेले आवाज ऐकू येणं, दारू किंवा गोळ्यांचा आधार वाढणं, खाण्याचा गंभीर त्रास: यांपैकी काही असेल तर हा सराव एकटीनं करू नका, आघातावर काम करणाऱ्या तज्ज्ञाबरोबर करा. मानसोपचाराची औषधं चालू असतील तर बरं वाटू लागलं म्हणून मनानं बंद करू नका. काही गोळ्या अचानक थांबवल्या तर त्याचाच वेगळा त्रास होतो.

जागा, वेळ आणि दोन खुणा

पाठीला टेकू असलेली खुर्ची घ्या. पाठ भिंतीकडे आणि दार नजरेसमोर असू द्या. कडी लावायची की नाही ते तुम्ही ठरवा. काहींना लावलेली कडी सुरक्षित वाटते, काहींना कोंडल्यासारखं होतं. दिवा चालू ठेवा. तळवे जमिनीला पुरते टेकले पाहिजेत, पाय अधांतरी राहत असतील तर खाली घडी केलेली चादर ठेवा. आडवं पडून सुरुवात करू नका. अनेकींना आडवं पडलं की असहाय वाटतं, शिवाय सुन्न होणाऱ्या बाईचं भान त्या स्थितीत लवकर सुटतं. कमरेला किंवा छातीला काचणारे कपडे सैल करा. मांडीवर उशी किंवा पांघरूण हवं असेल तर घ्या. पोट झाकलेलं असलं की पुष्कळ जणींना हायसं वाटतं.

सुरुवातीचे दोन आठवडे दिवसाला २ ते ३ मिनिटं, बस. झोपण्याच्या अगदी आधी नको, कारण काही वर आलं तर ते घेऊनच रात्र काढावी लागते. गजर मंद आवाजाचा ठेवा. खिशात एखादी खरखरीत किंवा वजनदार वस्तू असू द्या: दगड, लाकडी मणी, किल्ली.

आता दोन खुणा ओळखायच्या, कारण पुढचं सगळं त्यांवर अवलंबून आहे. पहिली खूण चढत जाण्याची: धडधड, उथळ श्वास, तळहातांना घाम, विचारांची शर्यत, उठून पळावंसं वाटणं. दुसरी बुडत जाण्याची: डोळ्यांसमोर धुकं, आवाज लांबून आल्यासारखे, हातपाय परके, एकाएकी गुंगी, वेळेचा पत्ता नाही. पहिली सगळ्यांना ओळखता येते. दुसरी शांततेसारखी दिसते आणि तिथेच घात होतो. "आज किती शांत वाटलं, अर्धा तास कसा गेला कळलंच नाही" असं वाटलं तर स्वतःला विचारा, त्या अर्ध्या तासात पायाखालची जमीन जाणवत होती का? नसेल तर ती शांतता नव्हती, तुम्ही तिथे नव्हता. या दोन टोकांच्या मधल्या पट्ट्यात राहूनच शिकणं होतं. मनोविकारतज्ज्ञ डॅनियल सीगल यांनी १९९९ साली त्याला सहनशक्तीची खिडकी असं नाव दिलं. आघातानंतर ही खिडकी अरुंद होते, सरावानं ती हळूहळू रुंदावते.

मोजण्यासाठी ० ते १० असा अंदाज ठेवा. ० म्हणजे निवांत, १० म्हणजे असह्य. सुरू करताना आकडा ५ च्या वर असेल तर त्या दिवशी फक्त पहिला व्यायाम करा. मध्येच २ नं वाढला किंवा बुडण्याची खूण दिसली की थांबा.

पहिला आठवडा: शरीरात नाही, खोलीत

खुर्चीत बसा. मान सावकाश डावीकडे वळवा, इतकी सावकाश की एका बाजूहून दुसऱ्या बाजूला जायला १५ ते २० सेकंद लागावेत. डोळ्यांना जिथे थांबावंसं वाटेल तिथे थांबू द्या: खिडकीची चौकट, भिंतीवरचा डाग, पडद्याचा रंग. मग उजवीकडे. मग मागे वळून पाहा. मागे कुणी नाही हे शरीराला सांगून पटत नाही, त्याला पाहावं लागतं. शेवटी दाराकडे पाहा आणि मनात म्हणा, "मला इथून उठून जाता येतं." एकदा खरंच उठा, दारापर्यंत जा, परत या.

इतकंच. वाचायला हे पोरखेळ वाटेल, म्हणून बहुतेक जणी हा आठवडा गाळतात आणि तिसऱ्या आठवड्यात अडकतात. मानेची सावकाश हालचाल आणि मोकळी फिरणारी नजर म्हणजे शरीराची "धोका नाही" असं ताडून पाहण्याची स्वतःची पद्धत आहे. मध्येच आपोआप एखादा सुस्कारा, जांभई किंवा आवंढा आला तर ओळखा, यंत्रणा थोडी सैलावली. नाही आला तरी बिघडत नाही. नजर एका ठिकाणी चिकटून राहत असेल तर खोलीतल्या एकाच रंगाच्या पाच वस्तू शोधा.

दुसरा आणि तिसरा आठवडा: टेकलेल्या जागा

तळवे जमिनीवर दाबा, जोर साधारण निम्मा. ५ सेकंद दाबा, १० सेकंद सोडा, असं ५ वेळा. दाबताना मांड्यांचे स्नायू कसे कामाला लागतात ते पाहा. सोडल्यावर टाच, चवडा, बोटं, यांपैकी काय जास्त टेकलंय ते पाहा. चांगलं-वाईट ठरवू नका, साध्या शब्दांत नोंदवा: गार, कोमट, कठीण, मुंग्या, काहीच नाही. "काहीच नाही" ही पूर्ण नोंद आहे. बधिर पावलांत जबरदस्तीनं काही जाणवून घ्यायला गेलात तर मन कंटाळतं आणि शरीर आणखी मागे सरतं. त्यापेक्षा मोजे काढून खडबडीत पायपुसण्यावर पाय घासा किंवा एक चेंडू तळव्याखाली फिरवा.

मग मांड्या खुर्चीला कुठे टेकल्यात, पाठ कुठे टेकलीय ते पाहा. मग हात: तळहात एकमेकांवर घासा, खिशातली वस्तू घट्ट धरा, सोडा.

या दोन आठवड्यांत एक शोध घ्यायचा. शरीरात अशी एक तरी जागा हुडका, जिथे लक्ष नेलं तरी काही बिनसत नाही. सुखद असायची गरज नाही, साधी चालेल: कानाची पाळी, कोपर, अंगठ्याचं नख, गुडघा. हा तुमचा विसावा. पुढे कुठेही गेलात तरी इथे परतता यायला हवं. आतली अशी एकही जागा सापडत नसेल तर बाहेरची निवडा, झाड किंवा खिडकी. तेही पूर्ण चालतं.

विसावा सापडला की ये-जा सुरू करा. विसाव्यावर २० सेकंद. मग थोड्या अवघड जागेच्या कडेवर ५ सेकंद, उदाहरणार्थ आवळलेले खांदे. लगेच परत विसाव्यावर ३० सेकंद. तीन फेऱ्या झाल्या की पुरे. सगळ्यात अवघड जागेपासून सुरुवात करू नका. १० पैकी ३ वाटेल अशी जागा घ्या. अवघड जागी किती वेळ टिकलो याला महत्त्व नाही, परत येता आलं का याला आहे. इथे सर्वांत जास्त होणारी चूक म्हणजे "आता धैर्यानं सामोरं जायचं" असं ठरवून मिनिटभर तिथेच ठाण मांडणं. त्यानं शरीर पुन्हा तेच शिकतं, की इथे अडकलं तर सुटका नाही.

चौथ्या आठवड्यापासून: ढकलणं, उभं राहणं, चालणं

प्रसंगात जी हालचाल करता आली नाही, ती आता सुरक्षित जागी, सावकाश करायची. भिंतीपासून हातभर अंतरावर उभ्या राहा, एक पाय पुढे, गुडघे किंचित वाकलेले. तळहात छातीच्या उंचीला भिंतीवर टेकवा. श्वास सोडत ढकला, ६ ते ८ सेकंद, पूर्ण जोराच्या निम्म्यानं. ताकद टाचांपासून वर येते की फक्त खांद्यांतून, ते पाहा. मग तितकाच वेळ हात सोडून उभ्या राहा. चार वेळा करा. वाटलं तर ढकलताना "नाही" किंवा "मागे हो" म्हणा, आधी मनात, मग ओठांनी, मग आवाजात. अनेकींचा आवाज इथे घशातच अडतो. जोर लावू नका. "हं" एवढा हुंकार निघाला तरी चालेल.

नंतर हात किंवा मांड्या थरथरल्या तर घाबरू नका, दाबू नका आणि मुद्दाम वाढवूही नका. बसा, तळवे टेकवा, नजर खोलीत फिरवा. दोनेक मिनिटांत थरथर ओसरायला हवी. ओसरत नसेल किंवा सोबत भान हरपत असेल तर पुढच्या वेळी जोर आणि फेऱ्या निम्म्या करा.

स्नायू आवळून सोडण्याचा एडमंड जेकबसन या अमेरिकी डॉक्टरांचा जुना व्यायाम काहींना फार मानवतो. पण सैल पडणं हेच ज्यांना धोक्याचं वाटतं, त्यांची घालमेल त्यानं वाढते. तुमचं असं होत असेल तर पूर्ण सोडू नका. मूठ १० पैकी ५ आवळा आणि ३ पर्यंतच सोडा. थोडा ताण हाती राखून ठेवायची मुभा असली की शरीर सौदा मान्य करतं.

चालणं हा या टप्प्यावरचा उत्तम सराव आहे, आणि माझ्या मते बसून केलेल्या ध्यानापेक्षा पुष्कळ जणींना तोच जास्त उपयोगी पडतो. दहा मिनिटं, डोळे उघडे, टाच टेकली, चवडा टेकला एवढंच पाहत चाला. मन भरकटलं की पावलांकडे.

श्वास: कमी घ्या, सावकाश सोडा

श्वासाला हात लावण्याआधी आठवडाभर तो फक्त पाहा, आणि तोही नाकपुडीच्या टोकाशी, छातीत नाही. बदल केला नाही तरी चालतं हे आधी अनुभवायला हवं.

मग हे करा: नाकानं नेहमीएवढाच श्वास घ्या, ३ ते ४ आकडे मोजत. सोडताना ओठ शिट्टी वाजवल्यासारखे करून ५ ते ६ आकडे. मध्ये रोखू नका. असे ५ श्वास, मग थांबून आकडा पाहा. श्वास सोडताना हृदयाची गती किंचित कमी होते, व्हेगस ही मेंदूपासून पोटापर्यंत जाणारी चेता ते काम करते. म्हणून सोडणं लांबवायचं. सोडताना गुणगुणलं तर आकडे मोजायचीही गरज नाही, श्वास आपोआप लांबतो.

इथे जे बिघडतं त्याची कारणं ठरलेली आहेत. "खोल घ्या" म्हटलं की बाई मोठे, भरभर श्वास घेते. रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, ओठांभोवती आणि बोटांत मुंग्या येतात, चक्कर येते, आणि हुबेहूब भीतीच्या झटक्यासारखं वाटतं. त्यावर आणखी श्वास घेणं म्हणजे आगीत तेल. अशा वेळी श्वासाचा व्यायाम सोडून द्या, पाय दाबा, मोठ्यानं काहीतरी वाचा. बोलताना श्वास स्वतःच सावरतो. श्वास रोखण्याचे आणि वेगानं घेण्याचे प्रकार आघात झालेल्या बाईनं एकटीनं करूच नयेत. गळा दाबला गेला असेल, तोंड दाबलं गेलं असेल, दम्याचा जुना धसका असेल, तर श्वासाचा भाग पूर्ण वगळा. पाय आणि नजर यांवर सगळा सराव उभा राहतो.

ओटीपोट आणि त्याखालचे स्नायू

ओटीपोटाच्या खाली पुढे असलेल्या जघनाच्या हाडापासून मागच्या माकडहाडापर्यंत स्नायूंची एक झोळी असते. ती मूत्राशय, गर्भाशय आणि गुदाशय यांना खालून आधार देते. श्वास घेताना श्वासपटल खाली येतं तशी ही झोळीही किंचित खाली जाते, सोडताना वर येते. भीतीनं खांदे आवळतात तसे हे स्नायूही आवळतात, आणि वर्षानुवर्षं आवळलेलेच राहू शकतात. मग संभोगात किंवा टॅम्पॉन, पाळीचा कप घालताना दुखतं, लघवी सुरू व्हायला वेळ लागतो, सारखी लागल्यासारखी वाटते, शौचाला जोर करावा लागतो.

अशा वेळी "केगेल करा", म्हणजे हेच स्नायू आवळण्याचा व्यायाम करा, हा सर्रास मिळणारा सल्ला उलटा पडू शकतो. आधीच आवळलेल्या स्नायूला आणखी आवळायला लावलं की दुखणं वाढतं. इथे शिकायचं आहे सोडायला. खुर्चीवर टॉवेलची लांब गुंडाळी पुढून मागे अशी आडवी पसरून तिच्यावर बसा, म्हणजे खालचा स्पर्श बाहेरून, कपड्यांवरून कळतो. दातांवर दात ठेवू नका, जबडा सैल राहू द्या. नेहमीचा श्वास आत येताना बसण्याची दोन हाडं एकमेकांपासून केसभर लांब जाताहेत असं पाहा. काही केलं पाहिजे असं नाही, सोडण्याला वाट द्यायची. ५ श्वास, मग विसाव्यावर. मांडीवरची उशी काढू नका. हा भाग नकोसा वाटला तर महिनोन्‌महिने वगळा, त्यानं बाकीचं काही अडत नाही.

मात्र दुखण्याचं सगळं खापर आघातावर फोडू नका. संसर्ग, एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखी ऊती बाहेर वाढणं), बाळंतपणातली जखम यांनीही असंच दुखतं. स्त्रीरोगतज्ज्ञाला दाखवा, आणि ओटीपोटाच्या स्नायूंवर काम करणाऱ्या फिजिओथेरपिस्टची भेट मिळाली तर घ्या.

तपासणीचीच भीती असते, म्हणून आधीच, कपडे अंगावर असताना बोलून ठेवा: "मी हात वर केला की थांबायचं. प्रत्येक पायरी आधी सांगायची. वरचे कपडे राहू द्या." सोबत कुणी हवं असल्यास सांगा. योनी तपासण्याचं उपकरण लहान आकाराचं मागता येतं, ते स्वतःच्या हातानं आत सरकवू देण्याची विनंती करता येते, आज फक्त बोलणं आणि तपासणी पुढच्या वेळी असंही ठरवता येतं. जो डॉक्टर यावर चिडतो, तो बदला.

स्पर्श

आधी स्वतःचा, कपड्यांवरून. उजवा तळहात डाव्या दंडावर ठेवा आणि स्थिर दाब द्या. हलका, निसटता स्पर्श बहुतेकींना जास्त दचकवतो, स्थिर दाब सोसतो. १० सेकंद, मग हात काढा. हात ठेवल्यानं काय झालं आणि काढल्यानं काय झालं, दोन्ही पाहा. आंघोळीनंतर अंग पुसताना "हा माझा खांदा, ही माझी पोटरी" असं म्हणत दाबून पुसणं हाच सराव रोजच्या रोज करण्याची सोपी रीत आहे.

जोडीदाराबरोबर करायचं असेल तर पहिल्या चार-पाच वेळा स्पर्श अजिबात नको. त्यानं तीन मीटरवर उभं राहायचं. तुम्ही "ये" म्हटलं की एक पाऊल पुढे, "थांब" म्हटलं की थांबायचं, "मागे" म्हटलं की मागे. पाच मिनिटं, आणि त्यानं कारण विचारायचं नाही, तोंड पाडायचं नाही. मुद्दाम एकदा तरी "मागे" म्हणून पाहा, जवळ येणं सुखाचं वाटत असलं तरी. नकार पाळला जातो हे शरीराला त्यातूनच कळतं.

जुना प्रसंग अंगावर आला तर

डोळे उघडे ठेवा. मोठ्यानं आजची तारीख, वार, तुमचं आत्ताचं वय सांगा. तेव्हा नव्हत्या अशा तीन गोष्टी खोलीत शोधून त्यांची नावं घ्या: हा फोन, ही खुर्ची, माझे पांढरे झालेले केस. सारखेपणाकडे मन आपोआप धावतं, फरक मात्र शोधावा लागतो. पाय दाबा, उभ्या राहा, जागा बदला. धडधड फारच असेल तर गार पाण्याचा ओला रुमाल डोळे आणि गालांवर १५ ते ३० सेकंद धरा. चेहऱ्यावरच्या गारव्यानं हृदयाची गती कमी होते. हृदयविकार किंवा खाण्याचा आजार असेल, किंवा तुमच्या प्रसंगात पाणी वा तोंड झाकणं होतं, तर हे नको. बुडण्याची खूण असेल तर शांत करणारं काही करू नका, उलट जागं करणारं करा: पाय आपटा, तीव्र वास घ्या, भिंत ढकला. नंतर खूप थकायला होतं. पाणी प्या, पांघरूण घ्या, त्या दिवशी अर्थ लावत बसू नका.

अवघड दिवस

पाळीच्या आधीचे काही दिवस अनेकींचा आकडा सुरूच मुळी थोडा वर असतो. दोन-तीन महिने वहीत तारखेपुढे आकडा लिहिलात तर तुमचा आराखडा दिसेल. त्या दिवसांत सराव निम्मा करा. रजोनिवृत्तीच्या आसपास येणारी धडधड आणि अंगातली गरमी शरीराला जुन्या भीतीसारखीच वाटू शकते, आणि वर्षानुवर्षं शांत असलेली आठवण तेव्हा उसळते. प्रसंगाची तारीख, दातांच्या डॉक्टरची मागे झुकणारी खुर्ची, गरोदरपणातल्या तपासण्या यांचंही तसंच. येणार हे माहीत असेल तर आदल्या आठवड्यात नवीन काही सुरू करू नका.

वर्ग आणि उपचार निवडताना

आठ आठवड्यांच्या सजगतेच्या अभ्यासक्रमात, जो जॉन कबात-झिन यांनी १९७९ साली सुरू केला, पायापासून डोक्यापर्यंत लक्ष फिरवण्याचा ४० ते ४५ मिनिटांचा सराव असतो. तो करायचा असेल तर बदल मागून घ्या: बसून, डोळे उघडे ठेवून, १० मिनिटं, आणि ओटीपोट, छाती वगळून पुढे जाण्याची मोकळीक. शिक्षिका विचारल्याशिवाय अंगाला हात लावते का, "हवं असेल तर" म्हणते की हुकूम देते, मध्येच बाहेर पडलं तर काय म्हणते, एवढं पहिल्या दिवशी पाहा.

शरीराच्या वाटेनं गुण येतो याला आधार आहे. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात दीर्घकाळ पीटीएसडी असलेल्या ६४ स्त्रिया होत्या. दहा आठवडे, आठवड्यातून एक तास आघाताचं भान ठेवून शिकवलेला योग केलेल्या गटातल्या ५२ टक्के जणी शेवटी निदानाच्या निकषांत बसत नव्हत्या. आरोग्यशिक्षणाच्या गटात हे प्रमाण २१ टक्के होतं. मात्र तो योग चालू उपचारांच्या जोडीला होता. २०१३ साली जागतिक आरोग्य संघटनेनं पीटीएसडीसाठी ज्यांची शिफारस केली त्यांत आघातकेंद्री वर्तन-विचार उपचार आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या मदतीनं आठवणीवर काम करणारा उपचार) आहेत. रात्री झोप लागत नाही, कामावर जाता येत नाही, दोन महिने नियमित सराव करूनही आकडा हलत नाही, तर त्यांपैकी एखाद्या उपचारासाठी तज्ज्ञाकडे जा आणि हा सराव सोबत ठेवा.

सुधारणा मोठ्या अनुभवांत शोधू नका, ती बारीक ठिकाणी दिसते. भूक लागल्याचं वेळेवर कळतं. लघवी अडवून धरली नाही. दचकल्यावर सावरायला पूर्वी तास लागायचा, आता वीस मिनिटं लागली. कुणीतरी मिठी मारायला पुढे आलं आणि तुम्ही हात पुढे करून नुसतं हस्तांदोलन केलंत. वहीत आकड्याशेजारी अशी एकच ओळ लिहा. आणि ज्या दिवशी सराव मध्येच सोडलात, त्या दिवशीही तारीख घालून लिहा: "आज दीड मिनिटाला थांबले."